झाकणखात्यातल्या बांगड्या

नर्स होते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "कुठल्या हॉस्पिटलात?" मी सांगते, "पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात." मग समोरची बाई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते आणि धीर देत म्हणते, "असू दे हो. काम ते काम." आता हिला काय सांगायचं! हॉस्पिटलातली नोकरी मी आपण होऊन सोडली होती. राहायला मुलुंडला भावाकडे होते, आणि कारखाना भांडुपच्या पुढे, नाहूरच्या अंगाला. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला लांबवर मिठागरं आणि मध्येच ही विटांची लांबलचक शेड. घरून चालत जाता यायचं, हे नोकरी धरण्याचं खरं कारण. समाजसेवा वगैरे मला नंतर चिकटली.

स्वातंत्र्याला काही वर्षं होऊन गेली होती. मोठ्या कारखान्यात दवाखान्याची खोली हवी आणि त्या खोलीत शिकलेलं माणूस हवं, असा कायदा आला होता. आमच्या मालकांनी तो पाळला. फाटकाजवळ सायकली ठेवायची एक खोली होती, तिला चुना फासला, दारावर लाल क्रॉस काढला आणि क्रॉसखाली मला बसवलं. एक टेबल, एक बाक, पाणी उकळायला स्टोव्ह, टिंक्चर आयोडीन, लाल औषध, कापूस आणि बँडेज. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे. ते खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांना पुढच्या कारखान्याची घाई व्हायची.

मॅनेजर सबनीससाहेबांनी पहिल्याच दिवशी मला काम समजावून दिलं. "सिस्टर, जखम झाली की बांधायची आणि माणूस परत पाठवायचा. शेडमध्ये जायचं काही कारण नाही. आत तेलकट असतं, साडी खराब होईल." माझ्या साडीची एवढी काळजी माझ्या आईनेही कधी केली नव्हती.

पत्र्याचा डबा आपण हातात घेतो तेव्हा त्याच्या कडा वळवलेल्या असतात. वळवण्याआधी त्याच कडेने भाजी चिरता येईल, इतकी तिला धार असते. त्यामुळे माझ्याकडे दिवसभर कापलेली बोटं यायची. बोटं घेऊन येणारी माणसंही एकेक नमुने. एक गडी आयोडीन झोंबलं नाही तर परत यायचा. "बाई, आज औषध पातळ केलंत," म्हणून भांडायचा. दुसरा एकजण जखमेवर तंबाखू दाबूनच यायचा आणि मी ती धुऊन काढली की चांगली तंबाखू फुकट घालवली म्हणून हळहळायचा. सोमवारी सकाळी पोटं दुखायची. मुकादमाची फेरी संपली की बरी व्हायची. मी अशा पोटांना किराइताचा कडूजहर काढा पाजायला लागले, तेव्हा सोमवारची गर्दी आपसूक ओसरली. एकूण मला ते काम आवडत होतं. फक्त एक खटकायचं. माझ्याकडे माणूस यायचा तो सगळं होऊन गेल्यावर. जखम कुठे झाली, कशी झाली, ते मला दिसायचंच नाही.

त्या वर्षी दसरा होऊन गेला आणि झाकणखात्यातून मनगटं यायला लागली. झाकणखातं म्हणजे डब्यांच्या झाकणांची कड वळवायचं खातं. तिथे सगळ्या बायका होत्या, बऱ्याचशा मालवण-कणकवलीकडच्या. तोवर त्यांची बोटंच कापायची. आता एकामागून एक मनगट येऊ लागलं, सगळी डावी, आणि प्रत्येकात बांगडीची काच रुतलेली. मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते पिशवी आवरत म्हणाले, "बोट काय अन् मनगट काय, सिस्टर, औषध तर एकच ना?" एवढं बोलून ते गेलेसुद्धा.

मग एक दिवस आनंदीला दोघींनी धरून आणली. झाकणखात्यात सगळ्यांत जोरात हसणारी आणि सगळ्यांत जोरात भांडणारी बाई ती. तिचा नवरा गिरणीत होता. त्याच्या छातीत क्षय निघाला होता आणि तो बरेच महिने हॉस्पिटलात पडून होता. त्याची इंजेक्शनं, सासू आणि दोन पोरी, सगळं हिच्या पगारावर. डाव्या मनगटातून रक्त ठिबकत होतं आणि बाई रक्ताकडे बघतही नव्हती. मी चिमट्याने काच काढायला लागले तर तिने उजव्या हाताने माझा हात घट्ट धरला.

"गो बाय, एक तरी रवली काय बघ."

एकही बांगडी राहिली नव्हती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. घशातून असा आवाज काढला तिने की दारातल्या दोघी पुढे धावल्या. त्यातल्या एकीने आपल्या हातातली हिरवी बांगडी दातओठ खात, साबण लावून ओढून काढली आणि आनंदीच्या हातात चढवली. मग कुठे आनंदीने मला टाके घालू दिले. नवरा अंथरुणावर असताना हात रिकामा राहायला नको, क्षणभरसुद्धा नको. मी शिकलेली बाई, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

सबनीससाहेबांनी दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. फाटकावर पाटी लागली: झाकणखात्यातील स्त्रियांनी सोमवारपासून बांगड्या उतरवूनच कामावर यावे. न उतरवल्यास त्यांच्या जागी पुरुष घेतले जातील. मला बोलावून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बाई आहात. बायकांना समजावणं तुमचंच काम. फाटकावर उभ्या राहा आणि हात तपासून आत सोडा."

सोमवारी मी फाटकावर उभी राहिले. वाईट गोष्ट अशी की सबनीससाहेबांनी यासाठी साऱ्या कारखान्यातलं नेमकं चुकीचं माणूस निवडलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी विधवा झाले होते. सासऱ्यांनी लोकांची बोलणी खाऊन मला नर्सिंगला घातलं, म्हणून पायावर उभी होते. पण त्या काळाप्रमाणे कपाळ पांढरं आणि हात मोकळे. आणि मी त्या मोकळ्या हातांनी सवाष्णींना म्हणत होते, बांगड्या काढा.

बायका जागच्या हलेनात. आनंदी पुढे आली. हाताला माझंच बँडेज, बँडेजच्या वर ती उसनी बांगडी.

"माझो घोव थंय हॉस्पिटलात पडलोहा आणि मी हयसर हात रिकामे करू? तुमचे रिकामेच आसत, तुमका काय तेचा?"

कुणीतरी "आनंदे, गप!" म्हणालं. मला भरून आलं, पण फाटकावर उभं राहून रडायची सोय नसते. राग आला नाही असं म्हणणार नाही, चांगलाच आला. पण तिच्याकडे बघितल्यावर कळलं की ती भांडत नव्हती, घाबरली होती. बांगड्या काढल्या तर नवऱ्याचं काही बरंवाईट होईल ही एक भीती. नाही काढल्या तर त्याची इंजेक्शनं बंद पडतील ही दुसरी. मी बाजूला झाले. सगळ्या जणी फाटकाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसल्या. झाकणखातं बंद पडलं.

सबनीससाहेब लाल होऊन आले. "ठीक आहे. उद्या पुरुष बोलावतो. भांडुपात माणसांना काय तोटा आहे!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मला एकदा आत जाऊन काम बघायचंय. मला माहीत नाही तिथे हात कुठे जातो, आणि मी त्यांना काय समजावणार?"

साडीचा विषय या वेळी निघाला नाही. मी आत गेले, साहेब मागोमाग आले. धोंडूमिस्त्रींना आनंदीचं यंत्र चालू करायला सांगितलं. धोंडूमिस्त्री म्हणजे कारखान्याची सगळी यंत्रं ज्यांच्या शब्दावर चालत ते, संगमेश्वरचे, मिशीवाले, कमी बोलणारे. टेबलामागून एक लांब लोखंडी दांडा फिरत असे, त्याला शाफ्ट म्हणत. शाफ्टवरून एकेका यंत्राकडे चामड्याचा पट्टा गेलेला. पट्टा फिरला की यंत्र फिरायचं, एवढाच त्यातला कारभार. मी आनंदीच्या स्टुलावर बसले, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि विचारलं, "झाकणं कुठायत?"

"ती काय डावीकडे, टोपलीत," मिस्त्री म्हणाले.

टोपली पट्ट्याच्या पलीकडे होती. झाकण घ्यायचं तर हात पट्ट्यावरून न्यायचा आणि पट्ट्यावरूनच परत आणायचा. पहिल्या दोन-चार वेळा मी हात उंच उचलून नेला, नवी होते म्हणून. मग हाताला लय सापडली आणि हात खाली आला. दिवसभर काम करणाऱ्या बाईचा तो येणारच. पुढच्या खेपेला मनगटावर कुणीतरी तापलेला चिमटा ओढल्यासारखं झालं. पट्ट्याची दोन टोकं लोखंडी आकड्यांनी जोडलेली असतात. तो जोड नेमका माझ्या मनगटाखालून गेला होता. मी हात ओढला तोवर कातडी सोलवटून रक्त आलं होतं. मिस्त्रींनी हातातल्या काठीने पट्टा उतरवला. यंत्र थांबलं.

शूरपणा नव्हता हो तो. काम कसं असतं ते बघायला बसले होते, हात फाडून घ्यायला नाही. पण हात फाटलाच होता, तर तो वाया का घालवा? मी तसाच सबनीससाहेबांच्या समोर धरला.

"यात बांगडी कुठे आहे, साहेब?"

साहेब हाताकडे बघत राहिले. माझ्या हातात काही का नसतं, हे त्यांना माहीत होतं. शेडमधल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पहिल्यांदाच ते माझ्याशी साहेबासारखे न बोलता माणसासारखे बोलले. "अहो, आधी बसा तुम्ही. कुणी पाणी आणा रे."

मी बसले नाही. मी मिस्त्रींना विचारलं, "या पट्ट्यांवर झाकण नव्हतं कधी?"

धोंडूमिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. "होतं की."

"मग?"

"दसऱ्याला काढलं. यंत्रांची पूजा असते ना खंडेनवमीला. पत्र्याच्या पेटीला हळदकुंकू लावून यंत्राला पोचतं का, बाई? देवाचं तोंड झाकून पूजा कशी करायची? म्हणून काढली सगळी."

"आणि परत लावली नाहीत?"

"पट्टा घसरतो, त्याला मधूनमधून राळ टाकावी लागते. पेटी असली की दरवेळी खोला, लावा. उघडंच बरं पडलं."

त्या पेट्या यंत्रघरात रचून ठेवलेल्या सापडल्या. एकीत मिस्त्रींची पंचपाळं आणि उदबत्त्या होत्या. मला एकदम हसू आलं, हात ठणकत असतानाही. सबंध मुंबईला झाकणं पुरवणारा कारखाना, आणि त्यातल्या पट्ट्याला तेवढं झाकण नाही! वर दोष कुणाचा, तर बांगड्यांचा. खरं तर पेट्या गेल्यापासून त्या बायकांच्या हाताला बांगड्यांचाच काय तो आडोसा होता. काच आधी वाजायची, म्हणून हात मागे यायचा. मला काहीच वाजून कळलं नाही.

तेवढ्यात बातमी चिंचेखाली पोचली होती. यंत्र थांबल्याचं कळायला बायकांना कुणी सांगावं लागत नाही. दारातून पहिली आनंदीच आत घुसली आणि माझं मनगट बघून थबकली. मी दवाखान्याकडे निघाले तर मागोमाग आली. एका हाताने स्वतःला बँडेज बांधणं मला जमत होतं, सवय होती. पण तिने बँडेजची गुंडाळी माझ्या हातातून काढून घेतली.

"हात हलवू नको. मी बांधतंय."

"आधी औषध लाव. ते तांबडं नको, ती तपकिरी बाटली."

"झोंबात तुका."

"झोंबू दे."

तिने आयोडीन लावलं आणि माझ्याऐवजी स्वतःच "आई गो" म्हणाली. बँडेज असं बांधलं की कोपरापर्यंत लोणच्याच्या बरणीचा दादरा दिसावा. वरून गाठ मारली आणि गाठीवर हात तसाच ठेवून खाली मान घालून बसली.

"दुखता काय गो?" तिने विचारलं. सकाळी मी तुम्ही होते. आता पुन्हा तू झाले होते.

"दुखतंय," मी म्हटलं, आणि मग फाटकावर राहून गेलेलं रडू आलं. दोघींनाही आलं. बाहेर सबनीससाहेब ताटकळत उभे होते. ते खोकले, म्हणून आम्ही डोळे पुसले.

साहेबांनी पाटी उतरवली. माणूस वाईट नव्हता. मालकांना उत्पादनाचा हिशेब द्यायचा त्याच्या डोक्यावर बोजा होता, आणि बायकांना बांगड्या काढायला लावणं पट्टे झाकण्यापेक्षा सोपं वाटलं होतं. पेट्या परत बसवायचं ठरलं, तेव्हा मिस्त्री अडून बसले. राळ कुठून टाकू? दसऱ्याला काय करू? मी म्हटलं, "पेटीला खिडकी ठेवा. यंत्र थांबवायचं, खिडकी उघडायची, राळ टाकायची. आणि दसऱ्याला तिथूनच कुंकू लावा. देवळातसुद्धा गाभाऱ्याला दार असतंच की." मिस्त्रींनी पेटीच्या पत्र्यावर खडूने चौकोन आखला. मग प्रत्येक पेटीला बिजागरीची इतकी सुबक खिडकी केली की मालक ती पाहुण्यांना दाखवायला लागले. टोपल्याही पट्ट्याच्या अलीकडे आल्या. त्याला काही खर्चच नव्हता.

बांगड्यांचा प्रश्न मात्र तेवढ्यावर सोडून चालणार नव्हतं. काच फुटते आणि हात सुटतो. पण पितळी पाटली किंवा चांदीचा गोठ कशात अडकला तर तो फुटत नाही, हाताला घेऊन आत जातो. हे मी बायकांना चिंचेखाली बसूनच सांगितलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: धातूचं काही असेल ते घरी ठेवायचं, काचेच्या थोड्याच घालायच्या आणि त्याही मनगटाला बसत्या. मी साहेबांची परवानगी काढून कासाराला फाटकाशी बोलावला. त्याला म्हटलं, "सैल एकही भरायची नाही. खाली लोंबली तर मी तुला जबाबदार धरीन." त्याने आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तो हात दाबदाबून बांगड्या भरत होता, बायका ओरडत होत्या, हसत होत्या. आनंदीने उसनी बांगडी मैत्रिणीला परत केली आणि स्वतःच्या हिरव्या भरून घेतल्या. तिचा नवरा पुढच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलातून घरी आला. खंगला होता, पण स्वतःच्या पायांनी चालत आला. ती म्हणाली, बांगड्यांनी राखला. मी म्हटलं, इंजेक्शनांनी. मग दोघींनी ठरवलं की दोन्ही.

आता मागे बघून वाईट एवढंच वाटतं की त्या भागात तेव्हा पुष्कळ कारखाने होते आणि बहुतेक ठिकाणची नर्स सायकलींच्या खोलीतच बसून राहिली. माझ्या बरोबरीच्या किती जणींना आत काय चाललंय हे कधी बघायलाच मिळालं नाही. पुढे दिवस पालटले. सुरक्षेच्या कमिट्या आल्या, त्यांत नर्सला खुर्ची आली, मुलींना त्याचं वेगळं शिक्षणही मिळायला लागलं. मला ते शिक्षण धोंडूमिस्त्रींच्या पट्ट्याने दिलं.

आमच्याकडे मात्र त्या आठवड्यापासून एक नवीन रीत पडली. सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी मी शेडमधून फेरी मारायची. पेट्या जागेवर आहेत ना, खिडक्या लागल्यात ना, टोपल्या अलीकडे आहेत ना. साहेबांनी तसा हुकूमच काढला. पहिल्या दिवशी मी माझं सुजलेलं मनगट छातीशी धरून एकेका यंत्रापुढून चालले. बायका स्टुलांवर बसून होत्या. नेहमीचा खडखडाट नव्हता. इतकी शांतता होती की बाहेरच्या खाचरातले बगळे ऐकू येत होते. शेवटच्या यंत्रापाशी धोंडूमिस्त्री काठी घेऊन उभे होते. मी वळून सगळ्या रांगेकडे बघितलं. प्रत्येकीचे दोन्ही हात धडधाकट, आणि अजून काहीच झालेलं नव्हतं. नर्स झाल्यापासून मी पहिल्यांदाच वेळेवर पोचले होते.

"काय बाई," मिस्त्रींनी विचारलं, "चढवू पट्टा?"

"चढवा," मी म्हणाले.